शितावरून भात, पण माणूस?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला येते. आमच्या कामठ्याकडे हे दिवस धानाच्या मळणीचे. एकीकडे पारायण, पाळणा, महाप्रसाद यांची गडबड आणि दुसरीकडे खळ्यावरची. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर चार माणसे टेकतात, तेव्हा बोलणे देवापासून सुरू होते आणि गावावर येऊन थांबते. त्या बोलण्यात एक शब्द फार वेळा कानी पडतो. पुस्तकात तो ‘सर्व’, बोलण्यात ‘सगळे’ आणि आमच्या झाडीच्या बोलीत ‘सप्पा’. “सप्पा पोरं आता अशीच.” “सगळ्या सुना सारख्याच.” “त्या लोकांतला एकही भरवशाचा नाही.”

असे बोलणारा माणूस वाईट असतो असे नाही. बहुधा तो आपल्यातलाच, पारायणाला बसणाराच असतो. पण या वाक्यांनी ठरत आलेली लग्ने मोडतात, भावाभावांतले बोलणे बंद होते, एखादे घर वाळीत पडल्यासारखे होते. खोटे बोलू नये, हे आपण सगळेच मानतो. ‘सगळे’ या शब्दातून किती खोटे बोलले जाते, याचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही. तो हिशेब कसा ठेवावा, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

मी अकरावी-बारावीच्या कला शाखेतल्या मुलांना बरीच वर्षे तर्कशास्त्र शिकवले. त्या विषयाची सुरुवातच ‘सर्व’, ‘काही’ आणि ‘एकही नाही’ या शब्दांनी होते. ग्रीक देशातल्या ॲरिस्टॉटलने दोन हजार तीनशे वर्षांपूर्वी या शब्दांची मांडणी करून ठेवली. आपल्याकडे गौतमाच्या न्यायसूत्रांपासून नैयायिकांनी आपल्या वाटेने हाच विचार केला. विषय पुस्तकी वाटतो, पण त्याचे मूळ चुलीपाशी आणि ओट्यावरच आहे.

प्रत्येक विधानात दोन पदे असतात. ज्याच्याविषयी बोलायचे ते उद्देश्य आणि त्याच्याविषयी जे सांगायचे ते विधेय. ही दोन पदे चार तऱ्हांनी जोडता येतात. आपल्या गोंदिया जिल्ह्याचे भूषण असलेल्या सारसाचेच उदाहरण घेऊ. ‘सर्व सारस पक्षी आहेत’ ही पहिली तऱ्हा. ‘एकही सारस बगळा नाही’ ही दुसरी. ‘काही सारस धानाच्या बांधीत घरटे करतात’ ही तिसरी. ‘काही सारस धानाच्या बांधीत घरटे करत नाहीत’ ही चौथी, कारण काही जोड्या तळ्या-बोड्यांच्या काठी घरटे बांधतात. चारही विधाने खरी आहेत. आपण जगाविषयी जे जे बोलतो, त्यातले पुष्कळसे या चार साच्यांत बसवता येते.

आता यांचे एकमेकांशी नाते काय ते पाहू.

पहिले नाते व्याघाताचे. ‘सर्व’ म्हणणाऱ्याला खोटे ठरवायला किती पुरावा लागतो? एकच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथले शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या बांधीत ‘पटेल ३’ जातीचे धान लावले होते. बांधावर उभा राहून कोणीही म्हणाला असता, ‘हे सगळे पटेल ३ आहे.’ दादाजींच्या नजरेला मात्र तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवडत नेल्या. त्यातून आज घराघरांत शिजणारा ‘एचएमटी’ तांदूळ आला. त्या काळी लोकांना प्रिय असलेल्या घड्याळाचे नाव त्याला मिळाले. दादाजी २०१८ साली गेले. अख्ख्या बांधीतल्या तीन लोंब्यांनी ‘सगळे’ हा शब्द खोटा पाडला आणि त्या खोटेपणातून लाखो लोकांच्या ताटात भात आला. ‘सगळे सारखेच’ म्हणून जो पुढे जातो, त्याच्या हातून असे किती धान तुडवले जात असेल!

दुसरे नाते दोन टोकांचे. इथे आपण गृहस्थाश्रमी माणसे रोज अडकतो. ‘सर्व अमुक आहेत’ आणि ‘एकही अमुक नाही’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. पण दोन्ही एकाच वेळी खोटी असू शकतात! भांडणात नेमके हेच होते. म्हातारे वडील म्हणतात, “तुम्ही कोणी मला कधीच विचारत नाही.” मुलगा उसळून म्हणतो, “आम्ही प्रत्येक गोष्ट तुम्हाला विचारूनच करतो, बाबा.” दोघेही खोटे बोलत आहेत आणि दोघांनाही वाटते की आपण समोरच्याचे खोटे उघडे पाडले. आता आवाज चढणारच, कारण प्रत्येकाला समोरच्याचा खोटेपणा स्वच्छ दिसतो आणि त्यावरून आपले म्हणणे खरे असल्याची खात्री पटते. तसे ठरत नाही. समोरचा खोटा निघाला म्हणून आपण खरे ठरत नाही.

या वेळी उत्तर काय द्यावे? शास्त्र सांगते, ‘सगळे’ला उत्तर ‘एकही नाही’ हे नव्हे. त्याचे उत्तर ‘काही तसे नाहीत’ एवढेच. मुलाने म्हणावे, “बाबा, मळणीच्या मजुरीचे तुम्हाला विचारले होते. ट्रॅक्टरचे नाही विचारले, ते खरे.” सासूबाई म्हणाल्या, “ही काहीच करत नाही,” तर घरच्या माणसाने “तीच सगळं करते” असे म्हणू नये. “काल रात्रीची गोळी तिनेच दिली,” एवढेच म्हणावे. हे उत्तर लहान असते, त्यात फुशारकी नसते. पण ते खरे असते, आणि समोरचे विधान तेवढ्यानेच पडते. मोठ्या खोट्याला मोठे खोटे लागत नाही, छोटे खरे पुरते. घरातले निम्मे तंटे एवढ्यावर शमतील असे मला वाटते.

तिसरी गोष्ट ‘काही’ या शब्दाची. व्यवहारात आपण तो तिरका वापरतो. “काही पोरं चांगली असतात हो,” असे म्हणताना सुरातून सुचवायचे असते की बाकीची वाया गेली. तर्कशास्त्रातला ‘काही’ असा टोमणा मारत नाही. ‘निदान एक तरी’ एवढाच त्याचा अर्थ. उरलेल्यांविषयी तो गप्प राहतो, कारण त्याला ते माहीत नसते. जे माहीत नाही तिथे गप्प राहणे, हा या शब्दाचा धर्म आहे. आपल्या परंपरेत मौनाला तप म्हटले आहे. हेही एक छोटे मौनच.

‘सर्व’ खरे असेल तर ‘काही’ खरे ठरतेच. बांधीतले सर्व धान पिकले असेल, तर त्यातले काही पिकले आहेच. उलटा प्रवास मात्र करता येत नाही. काही पिकले म्हणून सर्व पिकले असे कोणी समजला, तर विळा घेऊन हिरव्या धानात शिरेल.

इथे जाणती मंडळी मला अडवतील. “गुरुजी, आपल्याच मराठीत म्हण आहे ना? शितावरून भाताची परीक्षा! एका शितावरून आपण सगळ्या भाताचे सांगतोच की.” प्रश्न रास्त आहे, आणि धानाच्या मुलखात तो टाळताही येत नाही.

शितावरून भात कळतो, कारण त्या पातेल्यातला तांदूळ एकाच पोत्यातला आहे, सगळ्याला एकच पाणी, एकच आच, एकच वेळ मिळाली आहे. एका शिताला जे झाले तेच बाकीच्यांना होण्याचे कारण तिथे हजर आहे. तरीसुद्धा शहाणी बाई शीत कडेचे उचलत नाही, पळीने मधले काढते. नैयायिक यालाच व्याप्ती म्हणतात. धूर आणि अग्नी शेकडो वेळा एकत्र दिसले एवढ्याने त्यांचे समाधान होत नाही. मधे दुसरे काही कारण लपलेले तर नाही ना, हे ते तपासतात. जिथे धूर तिथे अग्नी, हे पक्के. पण जिथे अग्नी तिथे धूर, असे म्हणता येत नाही. लोहाराच्या भट्टीतला लालबुंद गोळा पाहा, आग आहे पण धूर नाही. धुरासाठी ओले सरपण लागते. ते मधले ओले सरपण ज्याला दिसत नाही, तो उलटसुलट ‘सर्व’ बोलत सुटतो.

माणसे एका पातेल्यात शिजलेली नसतात. एकाच आईची दोन लेकरेही एका आचेवर वाढत नाहीत. थोरला हलाखीत वाढतो, धाकटा बऱ्या दिवसांत. मग एका जातीची, एका गावाची, एका पिढीची माणसे एका शितावरून कशी कळणार? आपल्या कामठ्याच्या आसपास मराठी, हिंदी, पोवारी, लोधी, गोंडी अशा किती बोली कानी पडतात. पलीकडे बालाघाटचा मध्य प्रदेश लागतो. प्रत्येक समाजाविषयी दुसऱ्या समाजात एक तयार वाक्य असते आणि ते ‘सगळे’पासून सुरू होते. ते वाक्य कोणत्या एका शितावरून बनले, हे विचारले तर सांगणाऱ्यालाही आठवत नाही.

आता धूर-अग्नीची उलटापालट आणखी दोन ठिकाणी कशी घात करते ते सांगतो. पहिले ठिकाण भाविकांच्या जवळचे आहे. खरे अवधूत विरक्त असतात, साधे राहतात, हे मान्य. पण म्हणून जो जो साधा राहतो, जटा वाढवतो, मोजके बोलतो, तो तो अवधूत, हे कुठून आले? ‘सर्व सारस पक्षी आहेत’ म्हणून ‘सर्व पक्षी सारस आहेत’ असे आपण म्हणत नाही. बांधीत उतरलेल्या प्रत्येक पाखराला सारस म्हणणारा माणूस हसे करून घेतो. तीच चूक माणसाच्या बाबतीत झाली की भोंदू माणूस घरात शिरतो, दागिना जातो, कधी लेकीबाळींच्या अब्रूपर्यंत गोष्ट जाते. महाराष्ट्राला यासाठी २०१३ साली कायदा करावा लागला. खुणेवरून वस्तू ओळखण्याआधी विचारावे, ही खूण दुसऱ्या कोणाजवळही असू शकते का?

दुसरे ठिकाण याहून कठीण. पापाचे फळ दुःख, हे आपण मानतो. पण ‘सर्व पापाचे फळ दुःख’ यातून ‘सर्व दुःख पापाचेच फळ’ हे निघत नाही. तरी कोणाच्या घरी आजारी लेकरू जन्मले की ओट्यावर बोलले जाते, “काहीतरी केलं असेल पूर्वी.”

आपल्या गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार पुष्कळ घरांत आहे. तो आई-वडिलांकडून येतो, स्पर्शाने येत नाही. माझ्या ओळखीच्या एका घरी लग्नाची बोलणी चालली होती. मुलगी शिकलेली, गुणाची. पण तिच्या भावाला सिकलसेल. मुलाकडचे एक थोरले काका म्हणाले, “त्या घरात तो रोग आहे. सप्पा लेकरं तशीच निघतील.” बोलणी तिथेच थांबणार होती. दोन्ही घरांनी मला बसायला बोलावले होते, म्हणून मी म्हणालो, “काकाजी, रक्त तपासून घेऊ, मग ‘सप्पा’ म्हणू.”

तपासणी झाली. मुलगी वाहक निघाली, म्हणजे तिला आजार नाही, पण त्याचा अंश तिच्या रक्तात आहे. मुलाच्या रक्तात काहीच नव्हते. डॉक्टरांनी जे समजावले ते मी आपल्या चार साच्यांत सांगतो. एक जण वाहक आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल, तर त्यांचे एकही मूल सिकलसेलचे रुग्ण होत नाही. मात्र प्रत्येक मूल वाहक असण्याची शक्यता निम्मी असते. एक जण रुग्ण आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल, तर सर्व मुले वाहक होतात, पण रुग्ण एकही नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला चारांत एक शक्यता रुग्ण मूल होण्याची असते. खरी जपणूक इथे हवी. म्हणजे ‘सर्व’, ‘काही’ आणि ‘एकही नाही’ हे तीनही शब्द या एका आजारात येतात. कोणता शब्द कुठे बसतो, ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

काकांनी कागद दोनदा पाहिला आणि विचारले, “म्हणजे एकही नाही?” डॉक्टर म्हणाले, “रुग्ण एकही नाही. वाहक असू शकतात. त्यांच्या लग्नाच्या वेळी पुन्हा तपासायचे.” लग्न झाले. त्या मुलीच्या आईच्या चेहऱ्यावर त्या दिवशी मी जे पाहिले, त्यावरून कळले की वीस वर्षे ती माउली ‘काहीतरी केलं असेल’ हे ऐकत आली होती. तिने काही केलेले नव्हते. भावाच्या आजाराचे कारण एवढेच की आई आणि वडील दोघेही वाहक होते आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हते. सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे. माझी वडीलधाऱ्यांना हात जोडून विनंती आहे. पत्रिका अवश्य पाहा, पण रक्ताचा कागदही पाहा. आणि तो पाहण्याआधी ‘सगळे’ म्हणू नका.

आता आपल्या उपास्य देवतेकडे वळतो, कारण या साऱ्याचा धडा तिथे आधीच दिलेला आहे. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा एका अवधूताला विचारतो, “तुम्ही असे निश्चिंत कसे?” अवधूत आपल्या चोवीस गुरूंची नावे सांगतो. आपली परंपरा या अवधूतालाच दत्तात्रेय मानते. नाथमहाराजांनी १५७३ साली काशीस पूर्ण केलेल्या भागवतावरील टीकेत हे सारे मराठीत उलगडून ठेवले आहे. ते चोवीस गुरू कोण? पृथ्वी, वारा, पाणी, सूर्य, समुद्र आहेत. पण अजगर आहे, पतंग आहे, मध काढून नेणारा आहे, साप आहे आणि पिंगला नावाची वेश्याही आहे.

अवधूताने काय केले ते बारकाईने पाहा. ‘अजगराचे सगळे चांगले’ असे तो म्हणत नाही आणि ‘अजगरात एकही चांगले नाही’ असेही म्हणत नाही. अजगराकडून तो एकच गोष्ट घेतो, आपसूक जे येईल त्यात समाधान. मधमाशीकडून तो दोन घेतो, थोडे थोडे गोळा करावे हे एक, आणि साठवून ठेवू नये हे दुसरे, कारण साठवले की मधासकट तीही जाते. पतंगाकडून आणि हरणाकडून तर काय करू नये हे शिकतो. चोवीसही ठिकाणी त्याचा शब्द ‘काही’ हाच आहे. पिंगलेपाशी क्षणभर थांबा. “अशा बाया सगळ्या तसल्याच,” असे म्हणून तो पुढे गेला असता, तर मध्यरात्रीपर्यंत गिऱ्हाइकाची वाट पाहून शेवटी आशा सोडणारी आणि शांत झोपी जाणारी ती स्त्री त्याला दिसलीच नसती. त्याचा एक गुरू कमी झाला असता. ‘सगळे’ म्हणणाऱ्याला चोवीस गुरू कधीच मिळत नाहीत. पहिल्या दोघा-तिघांवरच त्याची यादी संपते.

यावर शेवटची शंका येईल, आणि ती भाविकाची खरी शंका आहे. “मग सर्वांच्या ठायी दत्त आहे, असे आपण म्हणतो, त्याचे काय? तिथे तर ‘सर्व’च आहे.” होय, आणि तो शब्द सोडायचा नाही. पण हा ‘सर्व’ वेगळा आहे. दहा माणसांत देव मोजून अकराव्याचा अंदाज केला, असे ते विधान नाही. तो संकल्प आहे. मी प्रत्येकाशी तसे वागेन, असे मी स्वतःला बांधून घेतो. ‘दारी आलेल्या एकाही माणसाला उपाशी पाठवणार नाही’ हेही तसेच. या ‘सर्व’चे ओझे माझ्यावर पडते. ओट्यावरच्या ‘सगळे’चे ओझे दुसऱ्यावर पडते, आणि बहुधा जो तिथे हजर नसतो त्याच्यावर.

रात्री दाराला कडी लावतो, म्हणून सगळे गाव चोर आहे असे आपण म्हणत नाही. सावध राहावेच. कडी सर्वांसाठी, ठपका मात्र ज्याचा त्यालाच. एवढा फरक जपला तर पुरे.

म्हणून या दत्तजयंतीला एक नेम सुचवतो. पारायणाच्या सात दिवसांत दुसऱ्याच्या दोषाविषयी ‘सगळे’ हा शब्द तोंडी आला की तिथेच थांबावे आणि मनात विचारावे, मी किती जणांना पाहिले? तेवढाच आकडा बोलावा. “दोघांनी फसवले” असे म्हणावे, कारण ते खरे आहे. स्वतःच्या कर्तव्याविषयी मात्र ‘सर्व’ हा शब्द मोकळेपणाने वापरावा. तो कितीही वापरला तरी कोणाचे लग्न मोडत नाही.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त.